कान देऊन : ‘ढोलवाला’ म्हणून हसले, मग मी कुठला?

मागच्या अंकात टेक्नोबद्दल, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या, बहुतेक बिनशब्दांच्या नाचाच्या संगीताबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर यावेळी जी पत्रं आली त्यात गाण्याबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त आहे. कोण आतला, कोण बाहेरचा, कोण खरा ऐकणारा आणि कोण उगाच आलेला. आपल्या नाशिकमध्ये हे ऐकणारी माणसं आधीच मूठभर, आणि त्या मुठीतही एवढ्या भिंती आहेत हे वाचून मला वाईट वाटलं, म्हणून यावेळी इतर सगळे प्रश्न बाजूला ठेवून ही चार पत्रंच घेतोय. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : दादा, मी 24 वर्षांचा, सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीन चालवतो. तीन वर्षं झाली टेक्नो ऐकतोय. सुरुवात कशी झाली तर गणपतीत मिरवणुकीच्या डीजेवर मध्येच एक बिनशब्दांचा ट्रॅक वाजला आणि तो काही डोक्यातून जाईना, मग मोबाईलवर शोधत शोधत इथवर आलो. एका मित्राच्या ओळखीने कॉलेज रोडच्या एका ग्रुपमध्ये गेलो, ते लोक महिन्यातून एकदा एका फार्महाऊसवर जमतात. तिथे विचारलं तू यात कुठून आलास, मी खरं ते सांगितलं, तर सगळे हसले, आणि तेव्हापासून माझं नाव ढोलवाला. कुठला ट्रॅक वाजतोय विचारलं तर सांगत नाहीत, म्हणतात शोध स्वतः. सेकंड शिफ्ट असली की मी पोचेपर्यंत सगळं आवरलेलं असतं. आणि इकडे मंडळातली पोरं म्हणतात हा आता हायफाय झाला, दिवसभर मशीनचा आवाज ऐकतो आणि घरी येऊन परत मशीनचाच आवाज ऐकतो. मी नेमका कुठला?

उत्तर : मित्रा, मंडळातल्या पोरांनी चिडवायला म्हणून जे वाक्य वापरलं ना, दिवसभर मशीन आणि घरी पण मशीन, तिथूनच सुरू करू, कारण टेक्नो ज्या गावातून आलं ते डेट्रॉईट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉंडरसन हे तिघं काळे तरुण, शाळेपासूनचे दोस्त, आणि ते डेट्रॉईटच्या मध्यावरचे पण नाहीत, बाहेरच्या बाजूला बेलव्हिल म्हणून छोटं गाव आहे, बहुतेक गोऱ्या वस्तीचं, तिथे शिकलेले. म्हणजे गावात काळे म्हणून वेगळे आणि शहरासाठी बाहेरगावचे. त्यांनी जी यंत्रं वापरली त्यांची पण तीच गत. जपानच्या रोलँड कंपनीने 1980 मध्ये 808 नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि 1983 मध्ये ते बंद झालं. त्याच कंपनीचं 303 नावाचं दुसरं यंत्र, गिटारवाल्याला घरी सरावाला साथ मिळावी म्हणून काढलेलं, तेही चाललं नाही. मग ही यंत्रं जुन्या सामानात स्वस्तात मिळायला लागली, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या पोरांनी ती घेतली. शिकागोच्या अशाच पोरांनी 303 ची बटणं चुकीच्या पद्धतीने पिळून पिळून जो आवाज काढला, त्यातून 1987 मध्ये ॲसिड हाऊसची पहिली मोठी रेकॉर्ड आली (हाऊस म्हणजे टेक्नोच्याच नात्यातलं शिकागोचं नाचाचं संगीत, ॲसिड हाऊस हा त्याचाच एक प्रकार). टाकून दिलेलं यंत्र आणि बाजूला टाकलेली माणसं, यांच्यातून हे सगळं उभं राहिलंय.

हाऊसचं पण तेच. शिकागोत 1977 मध्ये वेअरहाऊस नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा, आणि येणारे लोक मुख्यतः काळे, लॅटिनो आणि गे, ज्यांना बाकी ठिकाणी दारातच अडवलं जायचं. त्याच शिकागोत 12 जुलै 1979 ला बेसबॉलच्या स्टेडियममध्ये दोन मॅचच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्स ढिगाने गोळा करून स्फोटात उडवल्या होत्या, आणि हजारो लोक मैदानात घुसले. ज्यांचं संगीत उडवलं, त्यांनीच त्या गावात पुढे हाऊस घडवलं.

आता इथे थांबून मी तुला सांगू शकलो असतो की बघ, हे बाहेरच्यांचं संगीत आहे, म्हणून तुला हसणारे चुकीचे. पण गोष्ट एवढी सरळ नाहीये, आणि तू तीन वर्षं मनापासून ऐकतोयस तर तुला पूर्ण खरं कळायला हवं. डेट्रॉईटमध्ये टेक्नोच्या आधी, 80 च्या आसपास, बऱ्या घरातल्या काळ्या पोरापोरींचे पार्टी-ग्रुप होते, इटालियन फॅशनचे शौकीन, ग्रुपची नावं पण तशीच झगमगीत, आणि त्यांच्या हँडबिलांवर छापलेलं असायचं की जिट नकोत. जिट म्हणजे वस्तीतली पोरं. म्हणजे ज्यांना गोऱ्यांनी बाहेर ठेवलं त्यांनी आपल्यातल्याच गरिबांना बाहेर ठेवलं. आणि आज डेट्रॉईटचा स्वतःचा नाच कुठला म्हणून विचारशील तर त्याचं नाव जिट. पायांची भयंकर वेगवान कामगिरी असते, बघच एकदा. नको नको म्हटलेला शब्द आता गावाची ओळख झालाय.

इंग्लंडमध्ये सारा थॉर्नटन नावाच्या बाईंनी क्लबमध्ये जाऊन जाऊन अभ्यास केला आणि 1995 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की पैशाचं भांडवल असतं तसं या जगात माहितीचं भांडवल असतं, कोणाला काय आधी माहिती होतं यावर पत ठरते. आणि ही पत टिकायची तर समोर कोणीतरी ‘सामान्य’ माणूस लागतो ज्याला बघून म्हणता येईल आम्ही तसले नाही. तिकडे ती जागा ‘शॅरन आणि ट्रेसी’ला दिली होती, म्हणजे पर्सा जमिनीवर ठेवून भोवती गोल करून नाचणाऱ्या साध्या नोकरदार मुली. इकडे कॉलेज रोडवर ती जागा ढोलवाल्याला दिलीय. तुझ्या कानात काही कमी आहे म्हणून ते हसले नाहीत रे, त्यांना उभं राहायला कोणाचा तरी खांदा हवा होता आणि तू समोर सापडलास.

ट्रॅक लपवण्याचं मात्र मला थोडं समजतं. जमैकात साऊंड सिस्टीमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून गर्दीसाठी रेकॉर्ड वाजवणारे, रेकॉर्डवरचं लेबल खरवडून काढायचे, म्हणजे समोरच्या सिस्टीमवाल्याला कळू नये, कारण गर्दी त्यावरच ठरायची आणि पोटपाणी गर्दीवर. रात्र रात्र जागून शोधलेली गोष्ट कोणी फुकटात मागितली की माणसाचा हात आखडतो, हे मी समजू शकतो. पण महिन्यातून एकदा दोस्तांसाठी वाजवणाऱ्याच्या पोटावर काय पाय येणार आहे? तिथे ते लपवणं फक्त वर बसण्यासाठी आहे.

मी हे कळवळून लिहितोय कारण मी त्यातून गेलोय. 1999 मध्ये पुण्यात शिकायला होतो, एका रूमवर कॅसेटी ऐकायला जमायचो, तिथे एकाने विचारलं अमुक अल्बम ऐकलायस ना, मी हो म्हटलं. ऐकला नव्हता. मग पुढची दोन वर्षं ते खोटं सांभाळण्यात गेली, आवडतं म्हणून नाही तर पकडला जाऊ नये म्हणून ऐकत होतो, आणि त्या दोन वर्षांतलं एक गाणं मला आज मनापासून आठवत नाही. तू पहिल्याच दिवशी खरं बोललास. ते सोडू नकोस.

आणि ढोलाचं सांगतो. पुढच्या वेळी पथकाच्या सरावाला गेलास की ताशाच्या अगदी जवळ उभा राहा. ताशा वर कडकडत धावत असतो, एका ठोक्याच्या जागेत चार चार काड्या पडतात, आणि खाली ढोलावर टिपरू पडलं की कानाच्या आधी ते छातीत लागतं, आणि पाच-दहा मिनिटं तोच एक हात चालू राहिला की मग कुठेतरी डोकं गप्प होतं आणि अंग ऐकायला लागतं. आता घरी येऊन तुझा आवडता ट्रॅक लाव. वर हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, तशीच धावतेय आणि खाली चारही ठोक्यांवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. वाद्य वेगळं, गाव वेगळं, ढोलाचे हात मोडत वळत जातात आणि टेक्नोची किक सरळ चालते, हा फरक आहेच, पण तासभर एका ठोक्यात उभं राहायची ताकद तुझ्या अंगात लहानपणापासून आहे आणि ती हेडफोनवर शिकता येत नाही. नाशिक ढोल म्हणून देशभर नाव निघतं त्या गावचा तू आहेस. कुठून आलास विचारलं की परत तेच सांग, गणपतीतून. आणि मंडळातल्या दोन पोरांना एकदा घरी बोलव, मोठ्या स्पीकरवर दहा मिनिटं ऐकव, काही बोलू नकोस, फक्त ऐकव. कुठला म्हणून विचारतोस तर दोन्हीकडचा, आणि दोन्हीपैकी एक सोडायची काही गरज नाही.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, वय 71, निवृत्त शिक्षक. पेटी वाजवतो. माझी नात हे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकते. ज्यात राग नाही, शब्द नाही, माणसाचा हात नाही, ते आपलं कसं? हे बाहेरून आलेलं आहे. आपण मुलांना याच्याकडे का वळवता?

उत्तर : गुरुजी नमस्कार. तुम्ही पेटी वाजवता म्हणून धीर करून लिहितो. पेटी युरोपातून आली, आणि आली तेव्हा तिलाही हेच ऐकावं लागलं की बाहेरची आहे, सूर ठरलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आकाशवाणीवर 1940 पासून तिला बंदी होती ती 1971 मध्ये सैल झाली, म्हणजे तुमच्या लहानपणी रेडिओच्या दृष्टीने तुमचं वाद्य बाहेरचं होतं. आणि तरी आपल्या नाट्यसंगीतातून, भजनातून, कीर्तनातून पेटी काढली तर काय उरेल हे तुम्हीच सांगा. आक्षेप खोटे नव्हते हो, पेटीवर मींड आजही निघत नाही. पण वाजवणाऱ्यांनी तिच्यात जे निघतं ते शोधलं आणि ती घरची झाली.

या यंत्रांचा पण आपल्याकडे इतिहास आहे. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनमध्ये 1969 मध्ये मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या माणसांनी त्यावर काम केलं. मुंबईत चरणजित सिंग म्हणून हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे होते, त्यांनी 1982 मध्ये वर सांगितलेली तीच रोलँडची यंत्रं घेऊन दहा राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. तेव्हा फारशी कोणी घेतली नाही, 2010 मध्ये ती परत निघाली तेव्हा परदेशातले लोक चक्रावले कारण ती शिकागोच्या ॲसिड हाऊससारखी वाजते आणि त्याच्या पाच वर्षं आधीची आहे. हे मी ‘बघा आपणच आधी केलं’ म्हणून सांगत नाहीये, शिकागोच्या पोरांनी ती ऐकलेली नव्हती, दोन्ही गोष्टी आपापल्या उगवल्या. सांगायचं एवढंच की भैरव राग आणि यंत्र एका खोलीत बसून गेलेत आधीच. तुम्ही नातीला ती रेकॉर्ड लावायला सांगा आणि पेटी पुढ्यात घेऊन बसा, राग तुम्ही ओळखा, यंत्र तिला ओळखू दे. मला तर वाटतं ती दुपार तुम्हा दोघांच्या लक्षात राहील.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगला. रात्र रात्र हेडफोन लावून हे ऐकतो, मित्रांबरोबर पार्टीला जातो म्हणतो. टेक्नो म्हणजे ड्रग्ज असं सगळे म्हणतात. काय करू? (एक वडील, इंदिरानगर)

उत्तर : दादा, संगीत म्हणजे ड्रग्ज नाही. काही पार्ट्यांमध्ये असतात हे मात्र खरं आहे आणि ते नाकारून मी तुम्हाला फसवणार नाही. पोलिसासारखी चौकशी न करता सरळ विचारा, तिथे काय काय असतं, तुला कोणी काही दिलं तर काय करशील, आणि अडचणीत आलास तर रात्री दोन वाजता पण मला फोन कर, मी आधी घ्यायला येईन आणि ओरडायचं ते नंतर. हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा आणि पाळा. दुसरं, हेडफोनचं. 85 डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात आणि प्रत्येक 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला पोचलात की जेमतेम पंधरा मिनिटं. गेलेला कान परत येत नाही. पार्टीला जाताना कानात घालायचे प्लग घेऊन द्या, मेडिकलमध्ये मिळतात, वाजवणारे बरेच जण वापरतात. आणि एकदा त्याला म्हणा मलाही ऐकव.

प्रश्न : मी 29, आर्किटेक्ट, गंगापूर रोडला राहते. आम्ही सात-आठ जणांनी गिरणारेच्या बाजूला मित्राच्या मळ्यात, द्राक्षांचं पॅकिंग होतं त्या शेडमध्ये, सीझन नसताना महिन्यातून एकदा जमायला सुरुवात केली. फार सुंदर चाललं होतं. मग कोणीतरी रील टाकली आणि पुढच्या वेळी साठ-सत्तर लोक आले, फोनचे फ्लॅश, आरडाओरडा, आणि दोन मैत्रिणींना नाचताना त्रास दिला. त्या परत आल्याच नाहीत. आम्ही ओळखीशिवाय कोणाला घेणं बंद केलं, वर कोणी आलाच तर दोन-चार प्रश्न विचारतो, काय ऐकतोस वगैरे. आता लोक म्हणतात हे माजलेत. आमचं चुकलं का? खरं सांगू का, दार बंद केल्यापासून आत एक वेगळीच मजा येते, आपण वेगळे आहोत याची, आणि तीच मला खटकते.

उत्तर : ज्या गोष्टीची मजा येते तीच खटकते हे लिहिणारी माणसं फार कमी भेटतात ग. दार बंद केलंत त्यात काही चुकलं नाही. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो नावाच्या माणसाने 14 फेब्रुवारी 1970 ला स्वतःच्या राहत्या जागेत पार्टी सुरू केली, पुढे तिला लॉफ्ट म्हणायला लागले, तिथे आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. दारू विकत नसत, खायला-प्यायला ठेवलेलं असायचं, छताला फुगे. दार बंद का, तर आत येणारे बरेच जण गे, त्यांना बाहेर कुठे एकमेकांबरोबर नाचायची सोय नव्हती, पोलीस धरायचे, लोक मारायचे. ते दार आतल्या माणसाच्या अंगावर कोणी येऊ नये म्हणून होतं. तुमच्या दोन मैत्रिणींसाठी तुम्ही दार लावलंत तर ते त्याच जातीचं दार आहे.

पण तुमचे दारावरचे प्रश्न बघ. काय ऐकतोस. त्या दिवशी ज्याने त्रास दिला त्याला ट्रॅक बनवणाऱ्या दहा जणांची नावं पाठ नसतील असं थोडंच आहे? नावं पाठ असलेली माणसं पण त्रास देतात, मी बघितलीयेत. आणि ज्याला एक नाव येत नाही तो कोपऱ्यात डोळे मिटून तीन तास उभा राहील. तुम्हाला भीती वागणुकीची आहे आणि परीक्षा घेताय माहितीची, इथे गफलत झालीय, आणि ती जी खटकणारी मजा आहे ना ती या गफलतीतून येतेय. ते प्रश्न काढून टाका. त्याऐवजी शेडच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही, कॅमेरा बंद, पाणी फुकट आहे. बर्लिनच्या क्लबांमध्ये आत घेताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, तुम्ही स्टेशनरीतले गोल स्टिकर आणा, वीस-तीस रुपयांत काम होतं. दारावर एक मुलगी असूच दे. त्रास झाला तर कोणाकडे जायचं ते माणूस ठरलेलं आणि सगळ्यांना माहिती असलेलं पाहिजे, आणि त्याने बाहेर काढलं की वाद घालायचा नाही, मग तो पहिल्या सात-आठांतला का असेना. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. आणि साठ आले म्हणून सत्तर घ्यायचे असंही नाही, शेडला झेपतील तेवढेच घ्या, फक्त ती जागा ओळखीवर भरू नका, आधी कळवेल त्याला द्या.

वेगळेपणाच्या मजेबद्दल अजून एक. इंग्लंडमध्ये 1992 ला कॅसलमॉर्टन इथे आठवडाभर हजारो लोक मोकळ्या रानात नाचायला जमले, त्यानंतर 1994 मध्ये सरकारने अशा पार्ट्या थांबवायचा कायदाच केला आणि त्यात एकामागोमाग येणाऱ्या त्याच त्या ठोक्यांचा चक्क शब्दांत उल्लेख केला. ते लोक खरोखर बाहेर काढले गेले होते. आणि जर्मनीत 2024 मध्ये बर्लिनचं टेक्नो देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलंय. बाहेरचे-आतले हे असं फिरत राहतं. तुम्हाला नाशिकमध्ये कोणी बाहेर काढलेलं नाहीये, तुम्हाला गंगापूर रोडवर घरं आहेत आणि मळ्यात शेड आहे, त्यामुळे बाहेरचे असल्याचं सुख घेताना जरा जपून, कारण शेजारच्या वस्तीत कोणीतरी ते खरोखर भोगतंय. वरचं पहिलं पत्र वाच. तो तुमच्याच ग्रुपचा आहे का मला माहिती नाही, नसेलही.

आणि वेळ बदला. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही हा नियम आहे, मळ्याच्या आसपास राहणाऱ्यांना पण झोप हवी, म्हणजे तुम्ही सात ते दहा करत असणार, आणि सात ते दहा म्हणजे सेकंड शिफ्टवाला कधीच येऊ शकत नाही, बाहेरगावच्या मुलींना परत जायची सोय नाही, कोणाच्या घरून परवानगी नाही. रविवारी सकाळी अकराला सुरू करा. नाशिककर रविवारी मिसळ खायला त्या बाजूला येतातच, पोटभर मिसळ खाऊन येऊ दे, चारपर्यंत वाजवा, पाचला सगळे घरी. पहिल्या रविवारी कोण कोण आलं ते मला कळव.